चौथा ठसा

१

दर शनिवारी दुपारी कारखाना सुटला की नक्षीताई रद्दीच्या दुकानात जायची आणि तासभर पुस्तकं उघडून बंद करत बसायची. वाचायची मात्र एकही नाही. सुरुवातीला रद्दीवाल्याला वाटलं, बाईंना वाचता येत नसावं. एकदा न राहवून तो म्हणाला, "ताई, आत काय लिहिलंय तेही बघा की जरा." ती म्हणाली, "आतलं तुम्ही वाचा. मला पुठ्ठ्यामागचा कागद हवाय." जुन्या पुस्तकांचा पुठ्ठा उघडला की आतल्या बाजूला पुष्कळदा नक्षीचा कागद चिकटवलेला असतो. तिचा सगळा जीव त्या कागदात.

पडद्यांच्या आणि चादरींच्या कापडासाठी ती नक्ष्या काढायची. नक्षी सुचायला तिला काहीही चालायचं. गटाराचं झाकण, बुटाचा तळवा, शेगडीच्या बर्नरची भोकं. एकदा दवाखान्यात नवऱ्याच्या पायाला टाके घालत होते आणि ही त्या टाक्यांकडे इतकी टक लावून बघत होती की हिला चक्कर येतेय असं वाटून डॉक्टरांनी हिलाच खुर्ची दिली. पुढे त्या टाक्यांची किनार झाली. ती चादर घरोघरी गेली, नवरा मात्र त्या चादरीवर झोपायला तयार नव्हता.

पण बघणं वेगळं आणि उचलणं वेगळं. तिला हे काम शिकवलं ते मास्तरांनी. ते लाकडाचे ठसे कोरायचे. त्यांचा नियम साधा होता. बघायचं, झाकायचं, चहा प्यायचा, मग काढायचं. चहानंतर डोक्यात उरलं ते आपलं, गळलं ते त्याचं. समोर ठेवून काढायचं नाही, कधीच नाही. बावीस वर्षांत तिने कोणाची एक पाकळी उचलली नव्हती. हा एकच माज तिला होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

आणखी एक रीत मास्तरांनी शिकवली होती. प्रत्येक नक्षीत आपली एक चूक मुद्दाम सोडायची. तिला खूण म्हणायचं. नक्षी चोरणारा डोळे झाकून चोरतो, चूकही उतरवून घेतो आणि मग सापडतो. नक्षीताईच्या नक्षीत सगळ्या कळ्या वर बघायच्या आणि एक कळी खाली. त्या एकीच्याच देठाला बारीक गाठ. ही खूण ठाऊक होती ती फक्त मास्तरांना आणि नवऱ्याला.

त्या शनिवारी तिने एक पुस्तक विकत घेतलं. विहिरीवरच्या पंपांची निगा कशी राखावी, याबद्दलचं. रद्दीवाला म्हणाला, "विहीर कुठंय तुमच्याकडे?" ती नुसती हसली.

२

रविवारी सकाळी खिडकीपाशी भिंग घेऊन ती बसली.

कागद हिरवट होता. त्यावर एकाखाली एक चार ठसे मावतील एवढी जागा. वरचे तीन दिसत होते. चौथ्याच्या जागेवर कुठल्याशा वाचनालयाची चिठ्ठी चिकटवलेली होती, पुस्तक परत करायच्या तारखांची. कोपऱ्यात कोणीतरी शाईने साल घातलं होतं. नवऱ्याच्या वडिलांच्याही जन्माआधीचं.

वेल छान होती. मधे फूल, दोन्ही बाजूंना पानं, वर कळ्या. झाकायच्या आधी एकदा नीट बघून घ्यावं म्हणून तिने भिंग वरून खाली फिरवलं. दुसऱ्या ठशावर तिचा हात थांबला.

डावीकडून तिसरी कळी खाली बघत होती. देठाला गाठ होती.

तिने भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. पुसायला आणखी काही उरलं नाही तेव्हा पुन्हा बघितलं. कळी तशीच होती.

आधी ती स्वतःशी शहाण्यासारखं बोलली. लहानपणी असं एखादं पुस्तक पाहिलं असेल, डोक्यात राहिलं असेल. पण तिच्या माहेरी पुस्तक म्हणून एक जुनी टेलिफोनची यादी होती, तीही खुर्चीच्या पायाखाली. मग म्हणाली, योगायोग. कळी काय, कोणीही उलटी काढेल. पण गाठ? आणि मग तिला आणखी एक गोष्ट सुचली. एकाच लाकडी ठशाने छापलेला कागद होता हा. ठशात चूक असेल तर ती प्रत्येक वेळी उमटायला हवी. वरच्या ठशात कळी सरळ होती. खालच्या ठशातही सरळ होती. चूक एकट्या दुसऱ्यातच होती.

तिने पुस्तक मिटलं, चहा केला आणि साखर घालायची विसरली.

३

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातल्या सगळ्या गोष्टी कुठेतरी तार सुटल्यामुळे बिघडतात, असं त्याचं ठाम मत होतं.

"म्हणजे तू चोरी केलीस म्हणतेस?" तो जेवता जेवता म्हणाला.

"मी कशाला करीन? पण ती माझ्या आधीची आहे ना!"

"मग त्यांनी तुझी चोरली."

"थट्टा नको रे. डोक्याचा भुगा झालाय माझ्या."

त्याने हात धुतले, भिंग घेतलं आणि पुस्तकावर वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "कळी आहे बुवा. आणि हा ठिपका कोणाचा?"

"कुठला ठिपका?"

तिसऱ्या ठशात डावीकडची पानं होती. खालून पाचव्या आणि सहाव्या पानाच्या मधे तिळाएवढा काळा ठिपका होता.

"शाई उडाली असेल," ती म्हणाली.

"मग तुझी कळीपण उडाली असेल," तो म्हणाला आणि पेपर घेऊन बसला.

त्यांची सात वर्षांची मुलगी, ढब्बू, जमिनीवर पालथी पडून मांजर काढत होती. मांजराला पाच पाय होते. बापाने विचारलं, "पाचवा कशाला गं?" ती वर न बघताच म्हणाली, "बसायला." नक्षीताईला हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. ढब्बूच्या चित्रात कधी काही सरळ नसायचं. घरं कलंडलेली, सूर्य चौकोनी, माणसांचे कान गालावर. शाळेतल्या बाई शेरा लिहायच्या, नीट काढ. नक्षीताईने तो शेरा एकदाही मुलीला वाचून दाखवला नव्हता.

४

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून ती मास्तरांकडे गेली. मास्तरांना आता दिसत नव्हतं. ते खिडकीत बसून लाकडाचा एक तुकडा उगीचच हातात फिरवत असायचे. तिच्या पावलांचा आवाज ओळखून म्हणाले, "आज मधल्या वारी? कारखान्याला टाळं लागलं की काय?"

तिने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि कागदावरून बोटं फिरवली, जणू छापलेली वेल बोटांना लागते.

"पहिल्या ठशात उजवीकडचा देठ बघ," ते म्हणाले. "मधोमध."

तिने बघितलं. देठ मधोमध तुटलेला होता. केसाएवढी फट. आदल्या दिवशी ती तिच्या डोळ्यांतून सुटली होती.

"आहे," ती म्हणाली.

"ती माझी."

"मास्तर, तुम्ही हे पुस्तक पाहिलं होतं? लहानपणी? आठवा ना."

"पाहून काय करणार होतो? मी ती खूण ठरवून काढलीच नव्हती गं. हातोडी निसटली आणि ठशाला चीर गेली. मालक फेकून द्या म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, हीच माझी खूण. आता हातोडी निसटायची म्हणून कोणी कागदावर आधी छापून ठेवतं का?"

तिची कळीही अशीच आली होती. शिकायला लागल्याच्या पहिल्या महिन्यात झोपेच्या धुंदीत तिने एक कळी उलटी काढली होती, वर देठावर रंगाचा थेंब पडून गाठ झाली होती. मास्तर आधी ओरडले होते आणि मग म्हणाले होते, असू दे, ठेव तीच.

"तिसऱ्यात काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. एक ठिपका. शाईचा डाग असेल."

"आणि चौथ्यात?"

"त्यावर चिठ्ठी चिकटवलीय."

मास्तरांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "झाक ते," ते म्हणाले. "चहा पी. आणि या वेळी चहानंतर काही काढू नकोस." ते हसत होते, पण हातातला लाकडाचा तुकडा त्यांनी घट्ट धरला होता.

५

घरी येईपर्यंत तिने ठरवलं. खूण बदलायची. जी आठवणीतून येणं शक्यच नाही, जी तिच्या हातचीसुद्धा नाही, अशी एक खूण घ्यायची. ती पुस्तकात नसणार. नसली की हा सगळा मनाचा खेळ होता असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ती आपली आपण राहील, तिचं काम तिचं राहील.

नव्या पडद्याची नक्षी टेबलावर पसरलेली होती. तिचीच, पूर्ण वेगळी. जाळीच्या खिडकीवरून सुचलेली, मधे पानांची ओळ. तिने ढब्बूला हाक मारली आणि हातात काळी पेन्सिल दिली.

"डोळे मिट. आणि कुठेही टोच."

"रागावशील."

"नाही रागावणार."

"शाळेत टोचलं तर रागावतात."

"ही शाळा नाही. टोच."

ढब्बूने डोळे गच्च मिटले, जीभ बाहेर काढली आणि पेन्सिल वरून खाली अशी आणली जशी काही घारीने झडप घातलीय. टक्कन आवाज झाला. टोक मोडलं. "झालं?" तिने एक डोळा किलकिला केला.

"झालं."

ठिपका पानांच्या ओळीत पडला होता. तिळाएवढा. नक्षीताईने खालून पानं मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. मोजावंसं वाटेना. तिने कागदावर कापड घातलं, चहा केला, तो उभ्यानेच प्याली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या टेबलाकडे फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी मोजलं. पाचवं पान. सहावं पान. ठिपका मधे.

ठिपका आदल्या दिवशीचा, पुस्तक नव्वद वर्षांचं आणि तो ठिपका नवऱ्याने रविवारीच दाखवलेला. म्हणजे तिला भास झाला असंही म्हणायची सोय नव्हती. तिने नवऱ्याला कामावर फोन केला. "रविवारी तू पुस्तकात ठिपका दाखवलास ना?"

"हो. का? पुसलास की काय?"

"नाही. कुठे होता तो?"

"पानांच्या मधे कुठेतरी. अगं, मी लिफ्टच्या टपावर उभा आहे, नंतर बोलू का?"

तिने फोन ठेवला. मास्तर, मग ती, मग ढब्बू. ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिली. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्यानंतर त्यांच्या हाताखालची ती होती. तिच्यानंतर ढब्बू. आणि ढब्बूनंतर त्या चिठ्ठीखाली काय होतं? आपलं काम आपलं की दुसऱ्याचं, हा प्रश्न आता तिला पार लांबचा वाटायला लागला. तिच्या डोक्यात आता फक्त ती चिठ्ठी होती.

६

चिठ्ठी सोडवणं तिच्यासाठी डाव्या हातचा मळ होता. किटलीत पाणी उकळलं, वाफ धरली आणि पातळ सुरीने कडा उचलली. चिठ्ठी अख्खी निघून आली.

खाली काही नव्हतं.

वेल नाही, फूल नाही, खुणेपुरतं एक पानही नाही. कोरा कागद. तोही कसा, तर आज दुकानातून आणल्यासारखा.

चिठ्ठीला रंग चिकटून आला असेल म्हणून तिने चिठ्ठी उलटी केली. पाठ स्वच्छ होती. मग वाटलं, छापणाऱ्याने तीनच ठसे मारले असतील, खाली चिठ्ठी येणार हे त्याला माहीत असेल. पण छापणाऱ्याला वाचनालयाशी काय देणंघेणं? मग वाटलं, कागद तोकडा पडला असेल. तिने पट्टी लावली. जागा पुरेपूर एका ठशाची होती. तिसऱ्या ठशातून दोन देठ खाली निघाले होते, पुढच्या वेलीला जोडायला, आणि ते कोऱ्या कागदाशी येऊन कापल्यासारखे थांबले होते.

बाहेर जिन्यात ढब्बूचा आवाज आला. शेजारच्या मुलीला ती काहीतरी पटवून देत होती आणि स्वतःच हसत होती. नक्षीताई ते हसणं थांबेपर्यंत ऐकत राहिली. तिला रडू फुटलं. का, ते धड सांगता आलं नसतं. कागदाचा एक तुकडा कोरा होता, एवढंच तर झालं होतं.

७

आणि मग तिने जे केलं ते तिने बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

पुस्तक समोर उघडं ठेवलं. झाकलं नाही. चहाही केला नाही. पारदर्शक कागद तिसऱ्या ठशावर ठेवला, कोपरे चिकटवले आणि रेघेवर रेघ ओढून वेल उतरवून घेतली. उतरवलेली वेल कोऱ्या जागी दाबून घेतली. मग बारीक कुंचल्याने, जुन्या हिरव्याशी जुळवून रंग भरायला बसली. आपण दुसऱ्याचं उचलतोय हे तिला कळत होतं. हाताला ते अगदी अनोळखी होतं. पण देठ देठाला मिळाला, वेल पुढे गेली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. ढब्बूनंतरही काहीतरी होतं आता.

खूण तेवढी तिने उतरवली नाही. ठिपका ढब्बूचा होता. पाचव्या आणि सहाव्या पानामधली जागा तिने मोकळी ठेवली. हे तिला पक्कं आठवत होतं. निदान तेव्हा तरी पक्कं आठवत होतं.

रंग वाळेना. तासाभरात वाळणारा रंग, पण दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोटाला लागला. तिसऱ्या दिवशीही लागला. तिने पुस्तक उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं. नवऱ्याने विचारलं, "पंपांना वारा घालतेयस का?" तिने पंखा आणखी जोरात केला. चौथ्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, काय केलंस? एवढाच. तो तिने ऐकला न ऐकलासा केला.

८

पुढच्या शनिवारी दुपारी ती रद्दीच्या दुकानात न जाता थेट घरी आली. चपला काढायच्या आधी पुस्तक उघडलं आणि बोट लावलं.

वाळला होता.

ती खरोखर मोठ्याने हसली. चौथा ठसा वरच्या तिन्हींसारखाच जुना दिसत होता, जरा विटका, कडेला तसाच पिवळटलेला. तिच्या हातचा म्हणून ओळखूही आला नसता. तिने भिंग घेतलं. पाचवं पान, सहावं पान. मधे ठिपका होता.

मी काढला होता का? ती आठवायला लागली. कुंचला आठवला, हिरवा रंग आठवला. काळा रंग तर तिने काढलाच नव्हता. की काढला होता? उतरवताना डोळे झाकून उतरवलं असेल का, चोर उतरवतात तसं, चुकीसकट?

मग भिंग आपोआप एक ठसा वर सरकलं. तिसऱ्यात, पाचव्या आणि सहाव्या पानांच्या मधे काही नव्हतं. तिने दहादा मोजलं. पुसल्याची खूण नाही, खरवडल्याची नाही. तिसरा ठसा साफ होता. त्यात आता एकही चूक नव्हती.

"ढब्बू!" तिने हाक मारली.

"इथेच आहे गं," आतल्या खोलीतून आवाज आला.

ढब्बू खाटेवर ताठ बसली होती. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. आजूबाजूला कितीतरी कागद नीट एकाखाली एक लावून ठेवलेले. नक्षीताईने वरचा उचलला. मांजर होतं. चार पाय, चारही सारखे. दोन कान, बरोबर डोक्यावर. दुसऱ्या कागदावर तेच मांजर होतं. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. मिशीची रेघ मिशीवर बसली, शेपटीचं टोक शेपटीवर. तिसरा ठेवला, चौथा ठेवला. उजेडात एकच मांजर दिसत राहिलं.

"बाई म्हणाल्या, आता नीट काढतेस," ढब्बू म्हणाली. तिचा आवाज आनंदी नव्हता, दुःखीही नव्हता. पेन्सिल चालूच होती.

नक्षीताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. मुलीचे दोन्ही गाल तिने हातात धरले. गाल गरम होते, मऊ होते, तिच्याच मुलीचे होते. यात काही शंका नव्हती आणि तरी ती पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"ढब्बू, याला पाचवा पाय काढ ना. बसायला."

ढब्बूने मांजराकडे बघितलं. मग आईकडे बघितलं.

"मांजराला चार असतात."

"माहितीय गं. तरी काढ. माझ्यासाठी." नक्षीताईने कागद तिच्या पुढ्यात सरकवला. "नाहीतर डोळे मिट आणि टोच कुठेही. मी रागावणार नाही. एक चूक कर, बाळा. एकच."

ढब्बूने लगेच डोळे मिटले. ती शहाणी मुलगी होती, आईचं ऐकायची. पेन्सिल कागदाच्या वर तिने उंच धरली. हात तसाच राहिला. खाली येईना. कितीतरी वेळ ती डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, आपल्याला काय सांगितलंय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत राहिली.

शेवटी तिने डोळे उघडले.

"आई," तिने विचारलं, "कशी करतात?"